मला वाटलंच होतं

बुद्धिबळाच्या स्पर्धेत हॉलबाहेर पालकांची वेगळीच जत्रा भरलेली असते. कुणी सतरंजी पसरलेली, कुणाच्या मांडीवर लॅपटॉप, कुणी डब्यातली थालीपीठं राखून ठेवतंय, कारण पुढची फेरी कधी सुरू होईल याचा नेम नाही. आत पोरं चिडीचूप बसलेली आणि बाहेर आमची कुजबुज. दार उघडून एखादं पोर बाहेर आलं की निकाल चेहऱ्यावरच दिसतो, तरी विचारल्याशिवाय कुणाला राहवत नाही. हरून आलेल्या पोराचं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "मला वाटलंच होतं तो घोडा तिथे येणार म्हणून!" त्यावर पालकांचंही ठरलेलं: "वाटलं होतं, तर मग खेळलास कशाला तसं?"

माझी लेक या खेळात पडल्यापासून सांगली, कोल्हापूर, पुणे, सगळीकडे हा संवाद मी ऐकत आले आहे. पोर खोटं बोलत नसतं. आपल्याला वाटलं होतं, हे त्याला अगदी स्वच्छ आठवत असतं. फक्त ते वाटलेलं असतं घोडा येऊन बसल्यावर, हत्ती हातचा गेल्यावर. आठवणीने ते गुपचूप चार चाली मागे नेऊन ठेवलेलं असतं.

आत्मपरीक्षणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या चार चालींभोवतीच फिरतं. रोज रात्री झोपण्यापूर्वी डोळे मिटून दिवस आठवा, काय चुकलं ते शोधा, उद्या सुधारा, हा उपदेश आपण शाळेतल्या परिपाठापासून ऐकत आलो. उपदेश वाईट नाही. पण ज्या आठवणीच्या भरवशावर तो उभा आहे, ती आठवणच पक्की लबाड. आणि तिची लबाडी आतल्या आत कधीच पकडता येत नाही. बुद्धिबळवाल्यांनी यावर एक तोडगा काढला आहे. तो इतका साधा आहे की ज्या बाईला अजून कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, धड जमत नाही तिलाही तो उचलावासा वाटला.

तोडगा म्हणजे स्कोअरशीट. क्लासिकल, म्हणजे लांब पल्ल्याच्या डावात प्रत्येक खेळाडूने आपली आणि समोरच्याची प्रत्येक चाल कागदावर लिहायचीच असते, तसा फिडेचा, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचा, नियमच आहे. घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असेल आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढून मिळत नसतील, तरच यातून सुटका. पूर्वी काही शिक्षक असं शिकवत, की मनात आलेली चाल आधी कागदावर लिही, मग पटावर पुन्हा एकदा नजर टाक, आणि मगच मोहऱ्याला हात लाव. आता त्याला बंदी आहे, चाल खेळून झाल्यावरच लिहायची. मला ती जुनी पद्धत गेल्याचं थोडं वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम. तो कागदही खेळाडूचा नसतो, आयोजकांचा असतो. आपल्या वाट्याला येते खालची पुसट कार्बन प्रत. चालीशेजारी घड्याळातली वेळ लिहायची मात्र मुभा आहे, आणि या गोष्टीतली सगळी करामत त्या मुभेतच आहे.

लेकीचे सर जुन्या वळणाचे. डाव घरी आणला की मोबाइलला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला दंडक. आज फुकट मिळणारं स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा ताकदीने खेळतं. पोरं कार्बन प्रतीवरून चाली त्यात भरतात, लाल प्रश्नचिन्हं बघतात, "हां, इथे उंट मारायला हवा होता" म्हणतात, आणि विश्लेषण संपतं. सर इंजिनाच्या विरोधात नाहीत. ते सगळ्यात शेवटी उघडायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याआधी, त्याच संध्याकाळी, जिथे जिथे आपण थबकलो किंवा दचकलो तिथे पेन्सिलीने लिहायचं: तेव्हा काय दिसलं होतं, कशाची भीती वाटली, कुठली चाल मनात येऊनही टाकून दिली. "इंजिन तुला चूक दाखवेल गं," ते लेकीला म्हणाले होते, "पण ती चूक करणारी मुलगी त्या वेळी काय विचार करत होती, हे त्याला कुठून कळणार?"

सुरुवातीला तिने हे कुरकुरत केलं. 'माहीत नाही', 'असंच', 'बरं वाटलं' अशी उत्तरं. मग हळूहळू वाक्यं लांबली. एका सुट्टीत दोघांनी फाइलमधल्या बऱ्याच प्रती आमच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. मी शेजारी मेथी निवडत होते. सरांनी चालींकडे पाहिलंच नाही, वेळेच्या रकान्यावरून नुसतं बोट फिरवत गेले. अडचणीच्या स्थितीत ती एकेका चालीला दहा-बारा मिनिटं घेत होती, आणि तिथे ती चांगलं खेळत होती. एखादं प्यादं किंवा मोहरा वर मिळाला की पुढच्या तीन-चार चाली मात्र सेकंदांत. आणि शेजारी पेन्सिलीने: 'आता जिंकले.' 'आता सोपं आहे.' पुन्हा 'आता जिंकले.' इंजिनाने या सगळ्या चुका वेगवेगळ्या दाखवल्या होत्या, कुठे घोडा लोंबकळत राहिला, कुठे राजापुढची प्यादी मोकळी पडली. टेबलावर एकत्र मांडल्यावर ती एकच चूक होती. सरांनी भाषण दिलं नाही. "मोहरा वर मिळाला की उठायचं आणि पाणी पिऊन यायचं," एवढंच म्हणाले.

या पंथाचा मोठा महंत म्हणजे मिखाईल बोत्विनिक. पेशाने विद्युत अभियंता, १९४८ मध्ये जगज्जेता. आपल्या डावांचं विश्लेषण स्वतः लिहावं आणि ते छापावं, असा त्याचा आग्रह. छापलं की लोक त्यातल्या चुका काढतात, आणि लोक चुका काढणार हे माहीत असलं की माणूस लिहितानाच स्वतःला फसवायचं कमी करतो. १९६० मध्ये अवघ्या तेवीस वर्षांच्या मिखाईल तालने त्याला साडेबारा विरुद्ध साडेआठ असं हरवलं. पुढच्याच वर्षी परतीच्या सामन्यात बोत्विनिकने तेरा-आठने मुकुट परत घेतला, तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. आणि असं परत येणं त्याला नवं नव्हतं. १९५७ मध्ये स्मिस्लोव्हकडून हरून १९५८ मध्ये त्याने हेच केलं होतं. बुद्धी तर तिघांकडेही होती. हरलेल्या सामन्याचं काय करायचं, हे बोत्विनिकला जास्त चांगलं कळत होतं, असं आपलं माझं मत.

पोरांच्या 'मला वाटलंच होतं'ला मानसशास्त्रात भक्कम आधार आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यांवर निघाले होते. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोघांनी इस्राएलमधल्या विद्यार्थ्यांना दौऱ्यांआधी विचारलं, की अमुक घडण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? निक्सन माओंना भेटतील का, वगैरे. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं आणि सांगितलं, तुम्ही तेव्हा किती शक्यता लिहिली होती ते आठवून लिहा. जे खरोखर घडलं होतं, त्याची शक्यता आपण आधीच बरीच दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. प्रत्यक्ष कागदावर आकडे कमी होते. हा अभ्यास १९७५ मध्ये छापून आला. त्यात मला आवडते ती त्या दोघांची एकच हुशारी: आधीचे कागद त्यांनी जपून ठेवले होते. कागद नसते, तर त्या विद्यार्थ्यांना कुणीच खोटं पाडू शकलं नसतं, खुद्द ते विद्यार्थीसुद्धा.

चार्ल्स डार्विनला हे शंभर वर्षं आधी कळलेलं दिसतं. त्याने आत्मचरित्रात आपला एक जुना नेम सांगितला आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली किंवा विचार सुचला, की तो लगेच, न चुकता टिपून ठेवायचा. कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा फार लवकर विसरल्या जातात, असा त्याचा अनुभव होता. इतक्या चिकाटीच्या निरीक्षकाचा जर स्वतःच्या डोक्यावर एवढा अविश्वास, तर रात्री डोळे मिटून पाच मिनिटांत सुधारणा करायला निघालेल्या आपल्यासारख्यांनी काय बोलावं!

आता दुसरी बाजू. स्वतःकडे पाहत बसण्याची एक जात अशी आहे, की ती माणसाला सुधारत तर नाहीच, उलट खचवते. आपल्याकडे तिला सरळ 'मनाला लावून घेणं' म्हणतात. 'माझ्याच बाबतीत असं का होतं', 'मी असाच आहे' हे रात्रभर उगाळायचं आणि सकाळी काल रात्री जिथे होतो तिथेच उठायचं. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या उगाळण्याचाच अभ्यास केला. ऑक्टोबर १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. योगायोग असा, की त्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी तिथल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली होती: उदास वाटलं की तुम्ही काय करता? भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच मुलांना विचारलं. ज्यांची सवय दुःख घोळवत बसण्याची होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त दिसली, आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही. इथेही बघा, भूकंपाआधीचा कागद होता म्हणून हे कळलं.

उगाळणं आणि तपासणं यांत फरक कसा ओळखायचा? मी एक ढोबळ खूण ठरवली आहे. तपासण्याला शेवट असतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेका रागावर लिहिताना आपल्या रोजच्या रात्रीचं वर्णन करतो. दिवा नेलेला, माझी सवय ठाऊक असलेली बायको गप्प झालेली, आणि मी अख्ख्या दिवसाची झडती घेतो, स्वतःपासून काही लपवत नाही. अमक्याशी वाद घालताना तू जास्तच ताडकन बोललास, तमक्याला समजावण्याच्या नादात दुखावलंस. आणि या खटल्याचा निकाल काय? पुन्हा असं करू नकोस, या खेपेला माफ केलं. निकाल लागला की झोप. एवढा शहाणा माणूसही स्वतःला तारीख पे तारीख देत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. (त्या बायकोच्या गप्प राहण्यावरही कुणीतरी लिहायला हवं.)

सेनेकाच्या कोर्टात एक उणीव मात्र राहतेच. आरोपी तोच, वकील तोच, न्यायाधीशही तोच. तुकोबा 'आपुलाचि वाद आपणासी' म्हणाले, पण तुकोबांकडे स्वतःला झाडून काढण्याची जी धमक होती ती सगळ्यांकडे कुठून येणार? आपण त्या वादात दरवेळी जिंकतो. बुद्धिबळात इथेही सोय आहे. डाव संपला की दोघं हॉलबाहेर एखादं टेबल धरतात आणि तोच डाव पुन्हा मांडतात. त्याला सरळ पोस्टमॉर्टेम म्हणतात. माझी लेक एकदा जिंकून आली होती. समोरचा मुलगा तिला म्हणाला, "तू उंट इकडे आणला असतास तर मी संपलो होतो, मला दहा मिनिटं घाम फुटला होता." तिने त्या उंटाचा विचारच केला नव्हता. जिंकूनही ती थोडी गोरीमोरी झाली. स्वतःचा डाव दुसऱ्याच्या खुर्चीतून कसा दिसत होता, हे एकट्याने कितीही डोकं खाजवलं तरी कळत नाही.

पण जावेशी, भावाशी, ऑफिसातल्या सहकाऱ्याशी वाजलं, तर समोरासमोर बसून पोस्टमॉर्टेम कोण करणार? जपानमध्ये 'नाइकान' नावाची एक पद्धत आहे, ती मला या अडचणीवरचा उपाय वाटते. इशिन योशिमोतो या व्यावसायिकाने ती घडवली. तो बौद्धांच्या जोदो शिनशू पंथातला. त्या परंपरेतली उपाशीपोटी, न झोपता करायची एक कडक साधना त्याने पार केली होती, आणि मग सामान्य माणसाला झेपेल अशी तिची सौम्य आवृत्ती तयार केली. आठवडाभर माणूस खोलीच्या कोपऱ्यात पडद्याआड बसतो. सुरुवात बहुधा आईपासून. लहानपणाचे काही वर्षांचे तुकडे करायचे आणि एकेका तुकड्यावर तीन प्रश्न: तिच्याकडून मला काय मिळालं? मी तिला काय दिलं? मी तिला काय त्रास दिला? तासा-दोन तासांनी एक जण येऊन ऐकून जातो. सल्ला देत नाही, शाबासकी नाही, टीका नाही. मोघम उत्तर चालत नाही. 'आईने खूप केलं' हे उत्तरच नव्हे. सहलीच्या सकाळी चारला उठून तिने पुऱ्या तळल्या, हे उत्तर. जपानी तुरुंगांतही ही पद्धत १९५० च्या दशकापासून वापरली गेली.

'तिने मला काय त्रास दिला?' हा चौथा प्रश्न मुद्दाम गाळलेला आहे. त्याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं. मी घरच्या घरी, पडद्याबिडद्याशिवाय, एका माणसापुरते हे प्रश्न सोडवून पाहिले. कोण ते सांगत नाही. पहिल्या प्रश्नाला लिहिता लिहिता पान उलटावं लागलं. दुसऱ्याला पेन अडलं. तिसऱ्याचं उत्तर लिहिताना दर दोन ओळींनी वाक्यात 'पण' येत होता, 'पण तिनेही', 'पण तेव्हा'. ते 'पण' खोडत जाणं हीच त्या प्रश्नाची खरी मेहनत. यालाही मर्यादा आहे. ज्याने खरोखर अन्याय सोसला आहे, मार खाल्ला आहे, त्याच्या पुढ्यात हे तीन प्रश्न ठेवणं मला क्रूरपणाचं वाटेल. रोजच्या बरोबरीच्या भांडणांसाठी मात्र हे चोख औषध आहे.

हे सगळे दाखले परदेशी झाले खरे. पण मी पाहिलेला सगळ्यात पक्का आत्मपरीक्षक तासगावजवळ राहतो. तो माझा मामा, द्राक्ष बागायतदार. द्राक्षवाल्यांची कालगणना पंचांगाने चालत नाही, छाटणीने चालते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर "बाग किती दिवसांची झाली?" हाच रामराम. पस्तीस-चाळीस दिवसांच्या सुमाराला बाग फुलोऱ्यात येते आणि तेव्हा पाऊस, धुकं, दव काहीही आलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती. पान ओलं राहिलं की रोग घुसलाच, आणि घडात शिरला तर वर्ष गेलं. फवारणी आज करायची की उद्या, हा निर्णय पहाटे टॉर्च घेऊन पानं बघत घ्यायचा असतो. बागायतदार डायरी लिहितातच. निर्यातीला माल द्यायचा तर औषध, प्रमाण, तारीख या नोंदी लागतातच. मामाची डायरी त्याही आधीपासूनची, आणि तिच्यात त्याचा स्वतःचा एक जादा रकाना आहे: 'का'.

मी सुट्टीत गेले की ती चाळते. एका वर्षीची नोंद मला पाठ झाली आहे: 'दिवस ३८. दव भरपूर. फवारणी उद्यावर ढकलली. का: मजूर नाहीत. खरं कारण: पाव्हण्यात बारसं.' त्याखाली चार-पाच दिवसांनी वेगळ्या पेनाने: 'काही झालं नाही. नशीब.'

त्या 'नशीब' शब्दापुढे मी हात टेकते. बाग वाचली होती. दुसरा कुणी असता तर पुढच्या हंगामात पारावर बसून म्हणाला असता, "मला वाटलंच होतं, त्या दवाने काही होत नाही." आणि त्याचंच त्याला खरं वाटलं असतं, मग पुढच्या अडतिसाव्या दिवशीही तो बारशाला गेला असता. फसलेल्या निर्णयावर विचार करायला नुकसान भाग पाडतं. चुकीचा असून तरलेला निर्णय मात्र शहाणपण म्हणून खात्यावर जमा होतो. मामाने तो जमा होऊ दिला नाही. मी त्याला विचारलं, हे 'खरं कारण' लिहायचं तुला कुणी शिकवलं? म्हणाला, "अगं, मजूर नाहीत असं लिहिलं, आणि पुढच्या वर्षी वाचून मी मजूर वाढवले असते. खर्च कुणी सोसायचा?"

गेल्या हंगामापासून मामेभावाने सगळ्या नोंदी मोबाइलच्या ॲपवर घेतल्या आहेत. औषधाचं नाव निवडायचं, प्रमाण भरायचं, प्लॉट निवडायचा, झालं. मामाने चष्मा वर करून ते नीट पाहिलं आणि विचारलं, "यात 'का' कुठाय?" 'का' नव्हतं. शेवटी 'शेरा' नावाची एक चौकट सापडली. मामा एका बोटाने टाइप करत बसला. मामेभावाने मागून डोकावून वाचलं आणि ओरडला, "बाबा, याची पीडीएफ एक्स्पोर्टरला जाते! पुसा ते!" मामाने पुसलं, तिथे 'निरंक' लिहिलं, आणि मामीला विचारलं, माझी डायरी कुठे ठेवलीस.